डोळखांब येथील एका वैद्यकी बाडांतील अफू सोडविण्याची कृति

ऐतिहासिक कागदपत्रांच्या शोधांत असतां वैद्यकी बाडें हातीं आलीं तर तीं बाजूस ठेवण्याची आपणां संग्राहकांची जुनी वहिवाट आहे. सनदा, महजर, वतनपत्रें, शकावल्या यांच्या मानानें काढ्याचूर्णांच्या याद्या कोणासच मोलाच्या वाटत नाहींत. आम्हींही पुष्कळ वर्षें तेंच केलें. प्रस्तुत लेखांत ज्या बाडाचा परिचय करून द्यावयाचा आहे, तें आमच्या कपाटांत कित्येक वर्षें पडून होतें. त्यांतील एका पानाचें वाचन आम्हीं प्रथम चुकीचें केलें. त्या चुकीचें फळ एका घरास भोगावें लागलें. आणि पुढें तेंच पान पुन्हां वाचतां त्याचा खरा अर्थ ध्यानांत आला. चूक वाचनाची होती, म्हणजे आपल्याच उद्योगांतली होती. म्हणून ती याच पानांवर कबूल करणें आम्हांस उचित वाटतें.

(१) बाडाचें वर्णन

डोळखांब हें गांव ठाणें जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यांत सह्याद्रीच्या पायथ्याकडे आहे. भोंवतालीं ठाकर, कातकरी, महादेव कोळी व कुणबी यांच्या वाड्यापाडे असून जवळच मुरबाड तालुक्याची हद्द लागते. या भागांत शाळामास्तर म्हणून आमचीं बरींच वर्षें गेलीं. तेथें एका घरांत कांहीं पिढ्या वैद्यकी चालत असे. ती बंद पडल्यावर घरच्या मंडळींनीं जुने कागद वाळवीस देण्याऐवजीं आमच्या स्वाधीन केले. घराण्याचें नांव प्रसिद्ध न करण्याची त्यांची इच्छा असल्यामुळें तें येथें दिलेलें नाहीं.

बाड जुन्नरी कागदाचें, लांबट, वरच्या बाजूस शिवलेलें आहे. पहिलीं व शेवटचीं पानें गेलीं आहेत. शक वा संवत् कोठेंही नाहीं. कृति बाळबोध लिपींत आहेत, आणि मधल्या रिकाम्या जागांत कोणी मोडींत भाताच्या देण्याघेण्याचे हिशेब लिहिले आहेत. बाळबोध मजकुराचीं वळणें निदान दोन निरनिराळ्या हातांचीं दिसतात. काळाविषयीं अधिक बोलण्यास साधन नसल्यामुळें आम्ही येथेंच थांबतों. हे मोडी हिशेब प्रथम आम्हांस निव्वळ अडगळ वाटले होते. पुढें त्यांनींच आमचे डोळे उघडले.

प्रस्तुत कृति अफूचा अमल जडलेल्या माणसास त्यांतून सोडविण्याची आहे. तिच्यांत सांगितलेलीं द्रव्यें अशीं: गुळवेल, कुड्याची साल, सुंठ आणि बेलफळाचा गर यांचा काढा, रात्रीं म्हशीच्या दुधांतून आस्कंदाचें चूर्ण, कपाळास व तळपायांस तिळाच्या तेलाचें मर्दन, ब्राह्मी व जटामांसी, खाण्यास पेज, ताक व तूप घातलेला मऊ भात. द्रव्यांचीं मापें गुंजा, मासे व तोळे यांत दिलीं आहेत. तीं आम्ही मुद्दाम छापीत नाहीं. कां, तें पुढें कळेल. मजकुराच्या शेवटीं एका ओळींत कांहीं उभे दंड, त्यांच्या शेवटीं एक पूज्य, आणि दंडांखालीं तीन वेळां साताचा आंकडा, असें आहे:

॥।  ॥  ।  ०

हीच ती ओळ.

(२) अफू आणि आपलें वैद्यक

ओळीकडे वळण्यापूर्वीं अफूचा आपल्या शास्त्रांत प्रवेश केव्हां झाला तें पाहणें अवश्य आहे. चरक, सुश्रुत व वाग्भट या तिघांच्या संहितांत अफू नाहीं. उत्तरकालीन ग्रंथांत ती येते, आणि येते ती परकी नांव घेऊन. ग्रीक भाषेंत रसास जो शब्द आहे त्यावरून अरबींत ‘अफ्यून’ झाला. त्याचें संस्कृत पंडितांनीं ‘अहिफेन’, म्हणजे सर्पाचा फेंस, असें रूप केलें. कानाला आलेल्या परकी शब्दास घरचा अर्थ चिकटविण्याचें हें एक नामी उदाहरण होय. भावमिश्रानें सोळाव्या शतकांत रचिलेल्या ‘भावप्रकाशां’त ‘आफूक’ असेंही रूप सांपडतें. आपला ‘अफू’ शब्द त्याच्या अगदीं शेजारचा आहे.

शार्ङ्गधरसंहितेंत द्रव्यांचे गुण सांगतांना ‘व्यवायी’ म्हणून एक वर्ग केला आहे. जें द्रव्य पचण्यापूर्वींच सर्व देहांत पसरतें आणि मग पचतें, तें व्यवायी. त्याचीं उदाहरणें म्हणून भांग व अहिफेन हीं दोन दिलीं आहेत. पुढील ग्रंथकारांनीं अहिफेनास रुई, निवडुंग, कळलावी, कण्हेर, गुंज व धोतरा यांच्याबरोबर उपविषांत बसविलें. म्हणजे द्रव्य ओळखीचें झालें, त्याचा वेग ओळखला गेला, त्याचें विषत्वही मान्य झालें. अतिसारावर, शूळावर व अनिद्रेवर त्याचे कल्प निघाले. परंतु ज्यास तें रोज लागूं लागलें त्यास त्यांतून कसें काढावें, याचा मद्यावरील चिकित्सेसारखा स्वतंत्र अध्याय आमच्या पाहण्यांतील जुन्या ग्रंथांत नाहीं. मद्याचा मदात्यय चरकानें चिकित्सास्थानांत सविस्तर मांडला. अफूस तशी जागा मिळाली नाहीं.

असें असतां डोंगराच्या पायथ्याच्या एका वैद्यास ही कृति लिहून ठेवण्याची गरज कां पडावी? आमच्या रानांत अफू पिकत नाहीं. परंतु माळव्यांतून खानदेश, नाशिक व थळ घाट या वाटेनें मुंबईस उतरणारा आग्रा रस्ता याच शहापूर तालुक्यांतून जातो. माळव्याच्या अफूवर कंपनी सरकारनें इ. स. १८३१ च्या सुमारास परवान्याची पद्धत बसविली. मुंबईस जाणाऱ्या दर पेटीस प्रथम १७५ रुपये फी होती. सिंध इंग्रजांच्या हातीं जाऊन कराचीकडील वाट बंद झाल्यावर ती चढत चढत १८४७ सालीं ४०० रुपयांस पोंचली. कसारा ते इगतपुरी हा आगगाडीचा घाट १८६५ सालीं खुला झाला; तोंपर्यंत सर्व माल बैलांवर व गाड्यांवर चाले. पुढें परवानेदार दुकानें आलीं, आणि वैद्यकीय कारणाखेरीज अफू खाण्याचा व्यवहार दहा वर्षांत बंद करण्याचें धोरण १९४९ च्या परिषदेंत ठरून तें १९५९ सालीं अमलांत आलें. तात्पर्य, ज्या काळीं अफू तोळामाशानें उघड विकत मिळे, त्या काळीं ती सोडूं पाहणारा एखादा गाडीवान किंवा हमाल वैद्याच्या ओटीवर येऊन बसणें अगदीं स्वाभाविक होतें.

(३) वनस्पतींची निवड

या कृतींतील वनस्पति सरमिसळ घातलेल्या नाहींत. नित्याची अफू एकाएकीं तुटली म्हणजे माणसास जांभया येतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहतें, अंगावर कांटा येतो, पोटांत मुरडा येऊन ढाळ लागतात, हाडें दुखतात व रात्रभर झोंप लागत नाहीं. अफूनें बांधलेलें पोट अफू जातांच सुटतें; म्हणून कुडा, बेल व सुंठ. कुडा हें तर अतिसारावरचें आपल्या वैद्यकांतील पहिल्या प्रतीचें औषध, आणि शहापूर-मुरबाडच्या रानांत हवें तितकें. झोंपेसाठीं म्हशीचें दूध. झोंप आणणाऱ्या पदार्थांत चरकानें त्यासच अग्रस्थान दिलें आहे. हाडांच्या दुखण्यास तेल, थकव्यास आस्कंद, ज्वरासारख्या कणकणीस गुळवेल. लिहिणाऱ्यानें असा रोगी जवळ बसून पाहिला होता, याविषयीं आम्हांस संशय राहिला नाहीं.

ब्राह्मीविषयीं एक सूचना करणें जरूर आहे. आपल्याकडे हें नांव दोन निरनिराळ्या वनस्पतींस लावितात: एक गोल पानांची, जीस ग्रंथांत मण्डूकपर्णी म्हणतात; दुसरी पाणथळ जागीं होणारी बारीक पानांची, म्हणजे नीरब्राह्मी. बाडकर्त्यास यांपैकीं कोणती अभिप्रेत होती, तें केवळ नांवावरून ठरत नाहीं. जुन्या कृति छापून लोकांच्या हातीं देण्यांत धोका आहे तो असल्या ठिकाणीं. गुळवेल मात्र निःसंदिग्ध आहे. २०२०-२१ च्या सुमारास शहापूरच्या कातकरी तरुणांनीं तीच गोळा करून मोठमोठ्या औषधी कारखान्यांस पुरविण्याचा व्यवहार उभा केला, हें वाचकांच्या वर्तमानपत्रांत येऊन गेलेंच असेल.

(४) आमचें पहिलें वाचन

आतां त्या ओळीकडे येऊं. संस्कृत पोथ्या वाचण्यांत ज्याचा जन्म गेला, त्यास उभा दंड दिसला कीं अर्ध श्लोक संपला आणि दोन दंड दिसले कीं श्लोक संपला, एवढेंच सुचतें. ओळीच्या शेवटचें पूज्य आम्हांस प्रकरणसमाप्तीची नक्षी वाटली. पोथ्यांत ‘छ’ काढून दोहों बाजूंस दंड देण्याची चाल आहेच. खालचे सात सात आंकडे म्हणजे औषध सात दिवस घ्यावें, असें तीनदां बजावून सांगितलें आहे, हाही अर्थ आम्हीं बसवून टाकिला. याप्रमाणें कृति उतरून घेतांना दंड गाळले, पूज्य गाळलें आणि ‘सात दिवस’ एवढें ठेविलें.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील आमच्याकडे आले. मुलगा शहरांत कामास असतां गर्दच्या नादीं लागला होता. गर्द म्हणजे अफूपासूनच निघणाऱ्या हेरॉइनचा अशुद्ध प्रकार. १९८० नंतरच्या दशकांत मुंबई-पुण्याकडे तो पसरला, आणि त्यांत सांपडलेल्यांसाठीं डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं पुण्यास मुक्तांगण सुरू केलें, हें सर्वश्रुत आहे. वडिलांना मुलास दवाखान्यांत नेण्याची लाज वाटत होती. “गुरुजी, तुमच्या जुन्या पोथ्यांत कांहीं असेल तर पाहा,” असें ते म्हणाले. आमच्या ध्यानांत ही कृति होती. आम्हीं ती स्वच्छ अक्षरांत उतरून, वर द्रव्यांचीं संस्कृत नांवें घालून त्यांच्या हातीं दिली. विद्येचा उपयोग झाला याचें समाधान आम्हांस त्या रात्रीं वाटलें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

मुलानें आमच्या कागदाप्रमाणें गर्द एका दिवसांत तोडली आणि काढा सुरू केला. घरच्यांनीं खोलीस कडी घातली. तो सात दिवस तळमळला; पुढें शांत झाला; वीस-बावीस दिवस गेले. गुण आला असें सर्वांनीं मानलें. मग एका संध्याकाळीं त्यानें पूर्वीची नेहमींची मात्रा घेतली आणि श्वास मंदावून तो निपचित पडला. वेळेवर दवाखान्यांत पोंचल्यामुळें व सुई टोंचल्यामुळें तो वांचला. डॉक्टरांनीं मागाहून आम्हांस सांगितलें कीं, तीन आठवड्यांत देहाची संवय उतरते आणि पूर्वीं पचलेली मात्राच मग प्राणघातक होते. ती सोडल्यानंतरचे दिवस सर्वांत धोक्याचे.

हें ऐकून आम्ही घरीं आलों आणि चरकाचा मदात्यय काढून बसलों. मद्य सोडलेल्यानें एकाएकीं पुन्हां अति मद्य घेतलें असतां ‘ध्वंसक’ व ‘विक्षय’ असे दोन कष्टसाध्य विकार होतात, असें तेथें स्पष्ट म्हटलें आहे. मद्याचा विकार व अफूचा विकार एक नव्हेत. तथापि सोडलेल्या अमलाकडे एकदम परतणें हें मूळ अमलाहून वाईट, एवढी जाण त्या वाक्यांत आहे. तें वाक्य आम्हीं विद्यार्थ्यांस शिकविलें होतें. कागद देतांना तें आठवलें नाहीं.

(५) दुसरें वाचन

त्यानंतर आम्हीं बाड पुन्हां पहिल्यापासून वाचावयास घेतलें, आणि या खेपेस मोडी हिशेबही सोडले नाहींत. भाताच्या एका नोंदींत पायल्यांच्या आंकड्यापुढें तेच दंड आढळले. तेथें त्यांचा अर्थ कोणासही कळण्यासारखा होता: एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे निम्मे, आणि दोन दंड देऊन पुढें आणखी एक म्हणजे पाऊण. पूर्णांक नसेल तेथें खुणेच्या मागें टिंब देण्याची जुनी हिशेबी रीत आहे. कृतीची ओळ भिंगाखालीं धरतां निम्म्याच्या खुणेमागें तसें टिंब स्पष्ट दिसलें; पावाच्या मागें त्याचा पुसट डाग आहे.

म्हणजे ती ओळ नक्षी नव्हे, विरामचिन्हेंही नव्हेत. ती मात्रा आहे. पाऊण, निम्मे, पाव, पूज्य. खालचे सात हे प्रत्येक पायरीचे दिवस. रोग्याची रोजची जी अफू असेल तिचा पाऊण हिस्सा सात दिवस द्यावा, मग निम्मा सात दिवस, मग पाव सात दिवस, आणि मग बंद. काढा व दूध हीं त्या उतरणीवरील आधाराची काठी. उतरण ती नव्हे.

हे अंश अफूचे कशावरून, काढ्याचे कां नव्हेत, अशी शंका येईल. तिचें उत्तर असें. काढ्याच्या प्रत्येक द्रव्यास कृतींत मासे वा तोळे लाविले आहेत. या खुणांस परिमाण नाहीं. परिमाणाविना अंश तेव्हांच लिहितां येतो, जेव्हां मूळ रक्कम माणसागणिक निराळी असते. अफू खाणाऱ्याची मात्राच तशी निराळी असते, काढ्याची नसते. शिवाय औषध क्रमानें पूज्यावर आणण्याचें प्रयोजन नाहीं. व्यसन आणावयाचें असतें.

या अर्थास शास्त्राधारही बळकट आहे. चरकाच्या सूत्रस्थानांत, वेगांचें धारण करूं नये हें सांगणाऱ्या सातव्या अध्यायांत, अंगवळणीं पडलेलें अहित एकदम न सोडतां पादांशानें, म्हणजे चौथाईच्या क्रमानें, कमी करावें व त्याच क्रमानें हित वाढवावें, पायऱ्यांमध्यें एक, दोन, तीन दिवसांचें अंतर वाढवीत जावें, असा नियम आहे. वाग्भटानें सूत्रस्थानाच्या सातव्याच अध्यायांत पाव भागानें किंवा पावाच्याही पावानें, म्हणजे सोळाव्या हिश्श्यानें, असा विकल्प दिला आहे. चरकास अफू ठाऊक नव्हती; बाडकर्त्यास होती. त्यानें अन्नपानासाठीं सांगितलेला सामान्य नियम नव्या विषास लावला, आणि तीन दिवसांच्या जागीं सात दिवस घातले. एका खेड्यांतील वैद्यानें संहितेचें सूत्र स्वतःच्या अनुभवानें वाढवून वापरलें, याचा हा लेखी पुरावा म्हणून या पानाचें महत्त्व आम्हांस वाटतें.

(६) एक परदेशी साम्य

वनस्पतीस श्रेय आणि उतरणीस विस्मरण, हें आमच्याच हातून झालें असें नाहीं. इ. स. १९०७ च्या सुमारास मलाया देशांत कॉम्ब्रेटम वर्गांतील एका वेलीच्या पानांचा काढा अफू सोडवितो, अशी मोठी हूल उठली. काढा घेण्यासाठीं लोकांच्या झुंडी जमत. पद्धत अशी होती कीं, दोन बाटल्या काढ्यानें भरीत आणि एकींत रोग्याची अफू मिसळीत. अफूच्या बाटलींतून एक मात्रा घेतली कीं तितकाच कोरा काढा दुसरींतून तींत ओतीत. बाटली सदा भरलेली दिसे. आंतली अफू मात्र दर घोटास पातळ होत जाई. लोकांनीं पानांचें नांव केलें. काम बाटली भरण्याच्या रीतीनें होत होतें. पुढें ती लाट ओसरली.

यावरून वनस्पति निरर्थक असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. आस्कंद दिल्यानें मॉर्फिनची संवय व ओढ उंदरांत कमी होते, असे प्रयोग १९९७ सालीं आपल्याच देशांतील शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केले आहेत. उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता लांबचा असतो. ढाळ थांबविणें, झोंप आणणें, अंगास ऊब देणें हें साहाय्य खरें आहे. परंतु साहाय्य तें साहाय्यच.

उलट, वनस्पतींच्या नांवाखालीं अफूच पोटांत जाते, असेंही घडतें. कामिनीविद्रावण रसासारख्या कल्पांत अहिफेन हें प्रमुख द्रव्य आहे. ऑस्ट्रेलियांत गेलेल्या आपल्या देशबांधवांत अशा गोळ्यांचेंच व्यसन जडल्याचीं उदाहरणें तेथील डॉक्टरांनीं नोंदविलीं आहेत. आयुर्वेदी म्हणजे निरुपद्रवी, असें मानणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

(७) उपसंहार

आजच्या वैद्यकांत हीच उतरण अधिक काळजीनें बांधली आहे. मेथाडोन व ब्युप्रिनॉर्फिन हीं अफूच्याच जातीचीं परंतु मोजून देतां येणारीं औषधें होत. जागतिक आरोग्य संघटनेनें २००५ सालापासूनच तीं अत्यावश्यक औषधांत धरलीं आहेत. पुष्कळ रोग्यांस तीं महिनोन्महिने, कधीं वर्षानुवर्षें द्यावीं लागतात; कारण घाईनें पूज्यावर आणलेला माणूस बहुधा परत फिरतो. या मापानें पाहतां बाडांतील एकवीस दिवस फारच थोडे, आणि पूज्यानंतरच्या दिवसांविषयीं बाडकर्ता गप्प आहे. म्हणून कृतीचीं मापें आम्हीं छापलीं नाहींत. ती इतिहासाची वस्तु आहे, औषधाची चिठी नव्हे. ज्याच्या घरीं असा रोगी असेल त्यानें त्यास डॉक्टरांकडेच न्यावें, लाज बाळगूं नये. आणि काढा द्यावयाचा झाल्यास तोही त्यांस विचारून द्यावा.

संग्राहकांस विनंति एवढीच. वैद्यकी बाडें टाकूं नयेत. आणि उतरून घेतांना दंड, टिंबें, पूज्यें, समासांतील आंकडे हीं जशींच्या तशीं उतरावींत, मग त्यांचा अर्थ लागो वा न लागो. श्लोकांतला दंड गळला तर वाचणारा अंमळ अडखळेल. मात्रेंतला गळला तर माणूस जाईल. ज्या कोणाच्या संग्रहीं अफूवरील अशीच कृति असेल, त्यानें तिच्या शेवटच्या ओळी पुन्हां पाहून आम्हांस कळवावें.

तो विद्यार्थी सध्यां डॉक्टरांच्या देखरेखीखालीं औषध घेत आहे व कामावर जातो. आमच्या हस्ताक्षरांतला तो कागद आम्हीं त्याच्या वडिलांकडून परत मागून आणिला. तो आतां बाडाच्या त्याच पानांत ठेविला आहे. पुढें कोणी तें बाड उघडील त्यास दोन्ही वाचनें एकत्र सांपडावींत.